साखर कपाने की वजनाने? केक-बिस्किटांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे, वेगळं सांगितलं नसेल तिथं, २४० मिलीच्या कपाचे आणि वरून सपाट केलेल्या मापाचे आहेत. मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा चमचा ५ मिलीचा.

एक कप साखर म्हणजे किती ग्रॅम?

साधी दाणेदार साखर असेल तर २०० ग्रॅम. पाऊण कप १५०, दोन तृतीयांश कप १३३, अर्धा कप १००, एक तृतीयांश कप ६७, पाव कप ५०. मोठा चमचा साडेबारा ग्रॅमचा, छोटा चमचा चार ग्रॅमला थोडा वर. दाणेदार साखर दाबली तरी फारशी दबत नाही. त्यामुळे दोन माणसांनी दोन वेळा मापली तरी फरक पाच-सात ग्रॅमचाच पडतो. कपाने मापायला त्यातल्या त्यात भरवशाचा जिन्नस हाच. खरा घोळ पिठीसाखर आणि गूळ यांच्यात होतो.

मग कपानेच मापलं तर बिघडलं कुठं?

"एक कप" या शब्दांमागे नक्की कोणता कप आहे हे कुणी सांगत नाही, तिथं. अमेरिकन पाककृतीतला कप साधारण २३७ ते २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५० मिलीचा, जपानी कप २०० मिलीचा. आपल्याकडे दुकानात मिळणारे प्लास्टिकचे किंवा स्टीलचे संच काही २४० चे असतात, काही २५० चे. कपाच्या तळाशी किंवा दांड्यावर आकडा कोरलेला असतो, तो एकदा वाचून ठेवा. २५० मिलीच्या कपात साखर २०८-२१० ग्रॅम बसते, २०० मिलीच्या कपात १६७ ग्रॅम. ऑस्ट्रेलियन पाककृती असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: तिथला मोठा चमचा २० मिलीचा असतो.

पाककृतीतले सगळे जिन्नस एकाच कपाने मापले तर प्रमाण बिघडत नाही हे खरं. पण अंडी नगाने येतात, लोणी पाकिटावरच्या ग्रॅमने येतं, कंडेन्स्ड मिल्क डब्याने येतं. यातलं काहीही तुमच्या कपाप्रमाणे लहानमोठं होत नाही.

"मैदा एक कप, साखर एक कप" म्हणजे दोन्ही सारखेच ना?

नाही. हलक्या हाताने भरून सपाट केलेला एक कप मैदा १२० ते १२५ ग्रॅम भरतो, साखर २०० ग्रॅम. म्हणजे कपाने सारखी दिसणारी ही पाककृती वजनाने मैद्याच्या १६० टक्के साखर घालते. साध्या घरगुती स्पंज केकमध्ये साखर मैद्याच्या वजनाइतकी किंवा थोडी जास्त असते. त्यात अंडी-लोणी भरपूर असेल तर १४० टक्क्यांपर्यंत चालून जाते. १६० ला केक मधे बसतो, वरची साल चकचकीत आणि चिकट होते, कडा लवकर करपतात.

नवीन पाककृती करायच्या आधी मैद्याचे आणि साखरेचे ग्रॅम काढून एकमेकांशी ताडून बघा. नानकटाईत साखर मैद्याच्या ५० ते ७० टक्के, पाव-बनात ४ ते ८ टक्के. आकडा याच्या फार बाहेर गेला तर पाककृती लिहिणाऱ्याने कप वेगळा वापरला आहे किंवा पिठीसाखर म्हणायच्या जागी साखर म्हटलं आहे, असं समजा.

"एक कप साखर दळून" आणि "एक कप पिठीसाखर" यात काय फरक?

सगळ्यात जास्त केक या एका फरकाने फसतात, म्हणून जरा सविस्तर.

"एक कप साखर, दळून" म्हणजे आधी मापायची, मग दळायची. साखर २०० ग्रॅमच राहते. दळल्यावर ती दीड कपाच्या वर, जवळजवळ पावणेदोन कपांपर्यंत फुगते, पण वजन तेवढंच. "एक कप पिठीसाखर" म्हणजे दळलेली साखर कपात भरायची. ती न चाळता, न दाबता भरली तर १२० ते १२५ ग्रॅम, चाळून भरली तर १०० ते ११०, आणि चमच्याने दाबत भरली तर १४० च्याही वर. एकाच कपात चाळीस ग्रॅमचा फरक फक्त हाताच्या सवयीने पडतो.

आता उलटापालट झाली की काय होतं बघा. केकला २०० ग्रॅम साखर हवी होती आणि तुम्ही डब्यातली पिठीसाखर एक कप घातली: साखर ४० टक्के कमी पडली. केक फिकट, कोरडा, मधे डोंगरासारखा फुगून तडकलेला निघतो. नानकटाईला एक कप पिठीसाखर, म्हणजे १२० ग्रॅम हवी होती आणि तुम्ही एक कप दाणेदार साखर दळून सगळी घातली: साखर दीडपटीहून जास्त झाली. नानकटाई ताटात पसरून एकमेकीला चिकटते आणि गार झाल्यावर खुसखुशीत व्हायच्या ऐवजी कडक लागते.

वजन लिहिलेलं असेल तर हा प्रश्नच येत नाही. २०० ग्रॅम साखर मिक्सरमधून काढली तरी २०० ग्रॅमच, भांड्याला चिकटून राहील तेवढी सोडून.

सगळे आकडे एका ठिकाणी मिळतील का?

एका कपाचं (२४० मिली) वजन, ग्रॅममध्ये:

दाणेदार साखर: २००
ब्रेकफास्ट शुगर किंवा कॅस्टर शुगर (बारीक दाण्याची): २०० ते २१०
पिठीसाखर, न चाळलेली: १२० ते १२५
पिठीसाखर, चाळलेली: १०० ते ११०
ब्राऊन शुगर, दाबून: २१५ ते २२०
ब्राऊन शुगर, मोकळी: साधारण १६०
किसलेला गूळ, मोकळा: १५० च्या आसपास
किसलेला गूळ, दाबून: २०० च्या वर
काकवी: साधारण ३३०
मध: ३४०
कंडेन्स्ड मिल्क: साधारण ३०५

मोठ्या चमच्याचं वजन: साखर १२-१३, पिठीसाखर ७-८, काकवी आणि मध २०-२१ ग्रॅम.

यात साखर, मध, काकवी यांचे आकडे डोळे झाकून वापरता येतील. पिठीसाखरेचा आकडा अंदाज आहे. गुळाचा तर नुसता इशारा समजा, त्याबद्दल खाली.

एस-३० आणि एम-३० साखरेच्या वजनात फरक पडतो का?

कारखान्याच्या पोत्यावर असतं ते अक्षर दाण्याचा आकार सांगतं: एल मोठा, एम मध्यम, एस बारीक. पुढचा आकडा रंगाचा. ३१ ही ३० पेक्षा जास्त पांढरी. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात किराणा घेताना किंवा कारखान्याकडून सभासदांना सवलतीत मिळणारी साखर घरी आणताना यातलं काय आलं आहे ते दाण्यावरून सहज ओळखू येतं. कपाच्या वजनात मात्र फरक नगण्य असतो. दाणा मोठा असला तरी सगळे दाणे सारख्या आकाराचे असतील तर मधली पोकळी साधारण तेवढीच राहते.

फरक पडतो तो विरघळण्यात. एम साखर लोण्याबरोबर फेटली तर दाणे पुरते विरघळत नाहीत. केकच्या वरच्या सालीवर तपकिरी ठिपके दिसतात, बिस्किटात दाताखाली कचकच येते. उपाय सोपा: लागेल तेवढी साखर आधी वजन करून घ्या, मिक्सरमध्ये तीन-चार वेळा थांबत थांबत फिरवा. पीठ होऊ द्यायचं नाही, बारीक रव्यासारखी झाली की थांबायचं. कॅस्टर शुगरचं काम यात निघतं. तयारच हवी असेल तर बाजारात ब्रेकफास्ट शुगर नावाने मिळते ती बारीक दाण्याची असते.

आमच्याकडे कप नाही, वाटी आहे. वाटीचं वजन कसं काढायचं?

काट्यावर रिकामी वाटी ठेवा, आकडा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिली. त्याला ०.८३ ने गुणलं की त्या वाटीत सपाट भरलेली साखर किती ग्रॅम ते मिळतं. १५० मिलीच्या वाटीत १२५ ग्रॅम, १८० मिलीच्या वाटीत १५० ग्रॅम. पिठीसाखरेसाठी पाण्याचं वजन निम्मं करा, काकवीसाठी १.४ ने गुणा.

आमटीच्या वाट्या १५० पासून २०० मिलीपर्यंत काहीही असतात, आणि एकाच घरात दोन-तीन प्रकारच्या सापडतात. म्हणून जी वाटी बेकिंगला ठरवाल तिच्या बुडाला मार्करने आकडा लिहून ठेवा. शीग लावून भरलेली वाटी सपाट वाटीपेक्षा बरीच जास्त घेते. साखर सुरीच्या पाठीने सपाट करायची.

आजीच्या वहीत "पावशेर साखर" लिहिलंय. किती घ्यायची?

आज दुकानात पावशेर मागितलं की २५० ग्रॅम मिळतं. जुना वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमचा होता. त्याचा पाव २३३ ग्रॅम. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा, आणि ती वजनं बाजारात रुळायला पुढची काही वर्षं गेली. वही त्याआधीची असेल तर २३३ धरा. पण त्या पाककृतीत मैदा, तूप, साखर सगळंच शेरात असेल तर डोकं लढवायची गरज नाही. सगळीकडे २५० धरलं तरी प्रमाण तेच राहतं.

मापटं आणि चिपटं लिहिलेलं असेल तर ती वजनं नाहीत, धान्य मापायची मापं आहेत. शेराचं अर्धं मापटं, मापट्याचं अर्धं चिपटं. ते माप अजून घरात असेल तर वर वाटीसाठी सांगितलं तसं पाणी भरून बघा. नसेल तर मैद्याशी असलेल्या प्रमाणावरून साखर ठरवा.

साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ घालायचा आहे. एक कपाला एक कप चालेल?

कपाला कप नको, ग्रॅमला ग्रॅम घ्या. २०० ग्रॅम साखरेच्या जागी २०० ग्रॅम गूळ.

गूळ कपाने मापणं जवळपास अशक्य आहे. किसलेला, सुरीने चिरलेला, खलबत्त्यात कुटलेला, पावडर केलेला, प्रत्येकाची पोकळी वेगळी. पाकिटातली गूळ पावडरही ओल किती आहे त्याप्रमाणे हलकी-जड भरते. शिवाय खुद्द गुळाचं पाणी बदलतं. हंगामाच्या सुरुवातीचा ताजा गूळ मऊ असतो, उन्हाळ्यापर्यंत ठेवलेला रवा (गुळाची ढेप) खणखणीत होतो, आणि पावसाळ्यात तोच रवा पाझरायला लागतो. कोल्हापूरच्या पावसात उघडा ठेवलेला गूळ चार दिवसांत ओलसर होतो हे इथल्या कुठल्याही स्वयंपाकघरात दिसतं.

ग्रॅमला ग्रॅम घेतल्यावरही तीन बदल करा.

पहिला पातळपणाचा. गुळात पाणी असतं आणि साखरेपेक्षा ग्लुकोज-फ्रुक्टोजचा भाग बराच जास्त असतो, जो ओल धरून ठेवतो. म्हणून २०० ग्रॅम गुळामागे पाककृतीतलं दूध किंवा पाणी एक ते दोन मोठे चमचे कमी करा. मऊ, चिकट गूळ असेल तर दोन, कडक असेल तर एक.

दुसरा तापमानाचा. हाच ग्लुकोज-फ्रुक्टोजचा भाग लवकर तपकिरी होतो. ओव्हन १८० ऐवजी १७० अंशांवर ठेवा आणि पाच-सात मिनिटं जास्त द्या. नाहीतर वरून करपलेला, मधे कच्चा केक हाती येतो.

तिसरा सोड्याचा. गूळ किंचित आंबट असतो. पाककृतीत फक्त बेकिंग पावडर असेल तर २०० ग्रॅम गुळाला पाव छोटा चमचा सोडा जोडा. जास्त नको, केक काळपट होतो आणि साबणासारखी चव येते.

एवढं करूनही गुळाचा केक साखरेच्या केकइतका हलका होत नाही. लोण्यात साखरेचे दाणे फेटताना हवा धरून ठेवतात. विरघळलेल्या गुळाला ते जमत नाही. तो जरा दाट, ओलसर होणार हे धरूनच करावा. व्हॅनिला स्पंजला गूळ घालण्यापेक्षा गाजर, केळं, नाचणी, आलं यांच्या केकला घालावा, तिथं तो खुलतो.

गूळ विरघळवून घातला तर वजन कधी करायचं?

फोडल्यावर, विरघळवण्याआधी. गूळ सुरीने पातळ चिरा किंवा किसा, वजन करा, मग कोमट दुधात किंवा पाण्यात ढवळा. विरघळला की गाळून घ्या. गुऱ्हाळाच्या गुळात चिपाडाचे तुकडे किंवा बारीक खडे निघतात, पण त्यांनी वजनात फरक पडत नाही.

मिश्रण गॅसवर ठेवलं तर पाणी उडतं आणि इथं हिशेब चुकतो. भांड्यासकट वजन आधी लिहून ठेवा, गॅसवरून उतरवून गार झाल्यावर परत करा, जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढं पाणी परत घाला. उकळत्या दुधात गूळ टाकू नका, दूध नासतं. दूध आधी कोमट होऊ द्या.

पिवळा गूळ घ्यावा की काळपट?

वजनाचा हिशेब दोन्हीला एकच. फिका रंग म्हणजे जास्त गोडी असं काही नसतं. रस काढल्यावर मळी किती काढली आणि रंग उजळायला काय वापरलं यावर तो ठरतो. बेकिंगला आमची पसंती काळपट, रसायनविरहित गुळाला, कारण मैदा आणि लोण्यात मिसळल्यावरही त्याची चव टिकते. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, तरी रवा फोडून कण आणि ओल बघूनच घ्यावा. बोटाने दाबल्यावर खोलगट खूण राहत असेल तर त्यात पाणी जास्त आहे.

काकवी घालायची असेल तर?

काकवीत साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पाणी असतं. म्हणून १०० ग्रॅम साखरेला १२५ ते १३० ग्रॅम काकवी घ्या आणि दूध-पाणी २५ ते ३० ग्रॅम कमी करा. सगळी साखर काढून काकवी घालू नका. निम्मी बदलली तर केक उभा राहतो. बिस्किटात तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, नाहीतर दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.

चमच्याने मापायची वेळ आली तर चमच्याला आधी तेलाचा हात लावा. खरं तर भांडं काट्यावर ठेवून थेट त्यात ओतलेली बरी. कपाला चिकटून राहणारी काकवी सहज १०-१५ ग्रॅम असते.

ब्राऊन शुगर घरी करता येते का, आणि वजन किती धरायचं?

२०० ग्रॅम बारीक साखर आणि २० ग्रॅम काकवी हाताने चोळून एकजीव करा. २२० ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम कमी निघते. काकवी मोलॅसेसपेक्षा (साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकापेक्षा) सौम्य असल्याने रंग फिका येतो. गडद हवी असेल तर ३० ग्रॅमपर्यंत जा. परदेशी पाककृतीत एक कप ब्राऊन शुगर म्हणजे कायम दाबून भरलेला कप, २१५ ते २२० ग्रॅम. मोकळी भरली तर जवळजवळ चौथा हिस्सा साखर कमी जाते.

घरी दळलेली पिठीसाखर आणि पाकिटातली आयसिंग शुगर एकच का?

वजनाने जवळपास एकच. पाकिटातलीत गुठळ्या होऊ नयेत म्हणून साधारण ३ टक्के कॉर्नफ्लोअर असतं. बिस्किट-केकात तो फरक कळत नाही. बटरक्रीममध्ये कळतो: घरची साखर पुरेशी बारीक झाली नसेल तर जिभेला खरखर लागते. १०० ग्रॅम साखरेत एक सपाट छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घालून दळा आणि मैद्याच्या चाळणीने नाही तर त्याहून बारीक जाळीने चाळा.

मिक्सरमधून निघालेली साखर गरम असते. तशीच लोण्यात घातली तर लोणी वितळतं आणि फेटलं जात नाही. दळल्यावर अर्धा तास ताटात पसरून ठेवा. पावसाळ्यात मात्र गार झाल्याबरोबर लगेच डब्यात भरा.

आधी चाळायची की आधी वजन?

वजन करत असाल तर कुठल्याही क्रमाने, गुठळ्या चाळणीत मागं राहणार नाहीत एवढं बघा. कपाने मापत असाल तर पाककृतीचे शब्द पाळा: "एक कप पिठीसाखर, चाळून" म्हणजे मापून मग चाळा, "एक कप चाळलेली पिठीसाखर" म्हणजे उलट.

दिवाळीत नानकटाई बेकरीच्या भट्टीत नेतो. किलोच्या हिशेबात साखर किती?

एकूण एक किलो पिठाला (८०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बेसन) ६०० ग्रॅम साजूक तूप आणि ५०० ग्रॅम पिठीसाखर. सोबत एक छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची. ५०० ग्रॅम पिठीसाखर म्हणजे साधारण चार कप, पण इतक्या मोठ्या मापात कपाची चूक चारपट होते. दुकानातून अर्धा किलो साखर आणा आणि ती सगळी दळा, वजनकाटाही लागणार नाही.

गोड आवडते म्हणून साखर ७०० पर्यंत नेता येते, पण नानकटाई पसरट होते, वरची भेग मोठी पडते आणि खालची बाजू लवकर लाल होते. ८०० च्या पुढे ती नानकटाई राहत नाही. घरच्या ओव्हनमध्ये करणार असाल तर याचा चौथा हिस्सा घ्या: २०० मैदा, ५० बेसन, १५० तूप, १२५ पिठीसाखर, १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं.

डालडा वापरत असाल तर तुपाच्या जागी ग्रॅमला ग्रॅम घ्या, साखर बदलू नका.

कोणता वजनकाटा घ्यावा? तो बरोबर आहे हे कसं कळेल?

पाच किलोपर्यंत एक ग्रॅमच्या फरकाने दाखवणारा साधा बॅटरीचा काटा पुरतो. पाच ग्रॅमपेक्षा कमी वजनावर मात्र त्याचा भरवसा धरू नका. सोडा, यीस्ट, बेकिंग पावडर चमच्यानेच घ्या, किंवा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वेगळा ठेवा.

तपासायला दहा रुपयांची नाणी घ्या. दोन धातूंचं एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं, म्हणजे दहा नाणी ७७ ग्रॅम. मोठ्या वजनाला दुधाची पिशवी वापरा: अर्ध्या लिटर दुधाचं वजन ५१५ ग्रॅमच्या आसपास, वर पिशवीचे दोन-तीन ग्रॅम. काटा ४९० दाखवत असेल तर आधी बॅटरी बदला, मग काट्याला दोष द्या.

काही चुका हमखास होतात. काटा ओट्याच्या उतारावर किंवा फडक्यावर ठेवलेला असतो. डोक्यावर पंखा जोरात असतो आणि आकडा हलत राहतो. आणि सगळ्यात फसवी चूक: साखर चिमटीचिमटीने घातली तर काही काटे ते किंचित वजन शून्यातली हलचल समजून गिळून टाकतात आणि आकडा वाढतच नाही. शेवटचे ग्रॅम घालताना भांडं उचलून परत ठेवा, खरा आकडा दिसेल.

एक कप साखर आणि एक कप पाणी हा पाक निम्मानिम्मा ना?

मापाने निम्मा, वजनाने नाही. साखर २००, पाणी २४० ग्रॅम. पाकात साखर ४५ टक्के. केक भिजवायला हा चालतो. पाककृतीत वजनाने एकास एक म्हटलं असेल तर २०० ग्रॅमला २०० मिली पाणी घ्या. तयार होणारा पाक दोन कप भरेल असंही समजू नका. साखर विरघळताना पाण्यात सामावते. एक कप साखर आणि एक कप पाण्याचा पाक दीड कपाच्या थोडा वर भरतो.

सात इंची साच्याची पाककृती सहा इंचीला कशी करायची?

साच्याच्या व्यासाचा वर्ग घ्या: ३६ भागिले ४९, म्हणजे ०.७३. २०० ग्रॅम साखर असेल तर १४६ ग्रॅम. कपात हेच काढायचं तर "पाऊण कपाला थोडं कमी" असं काहीतरी निघतं आणि प्रत्येक जिन्नसाला ते थोडं वेगळं होतं. आठ इंचीवरून सहा इंचीला ०.५६ ने गुणा.

साखर कमी केली तर चालते का?

१५ ते २० टक्के बिनधास्त. २०० च्या जागी १६५ ग्रॅम घातले तर चवीशिवाय फार काही बदलत नाही. त्याखाली गेलात की साखरेची बाकीची कामं उघडी पडतात. साखर पिठातलं पाणी आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे मैद्याचा चिवटपणा वाढत नाही आणि स्टार्च उशिरा घट्ट होतो; तेवढ्या वेळात केक फुगून घेतो. साखर कमी तर तो लवकर आवळतो आणि दुसऱ्या दिवशी भुसभुशीत कोरडा लागतो. केळं, खजूर, सफरचंदाचा गर असेल तिथं जास्त कमी करता येते.

कंडेन्स्ड मिल्कच्या केकात वेगळी साखर धरायची का?

धरायची, पण आधी डब्यातली वजा करून. कंडेन्स्ड मिल्कच्या वजनाच्या साधारण ४५ टक्के घातलेली साखर असते, म्हणजे २०० ग्रॅममध्ये ९० ग्रॅम. पाककृतीला एकूण १५० हवी असेल तर वरून ६०. "अर्धा डबा" असं लिहिलेलं असेल तर डब्यावरचं वजन वाचून निम्मं करा. डब्यांचे आकार वेगवेगळे असतात.

खडीसाखर चालेल?

चालेल, दळून, ग्रॅमला ग्रॅम. ती साखरच आहे. कपाने मापू नका.

स्टिव्हिया किंवा शुगर-फ्री वजनाने बदलता येतं का?

नाही. ते साखरेची गोडी देतं, साखरेचा आकार आणि ओल देत नाही. पाकिटावर "साखरेइतकंच माप" असं लिहिलेल्या पावडरी कपाने जुळवलेल्या असतात, वजनाने त्या कितीतरी हलक्या. हाच एक जिन्नस असा, ज्याला पाकिटावरचं माप वापरावं आणि काटा बाजूला ठेवावा.

अंड्याच्या पांढऱ्या भागाचं मेरिंग (साखर घालून फेटलेला घट्ट फेस) करताना साखर कशी ठरवायची?

पांढरा भाग वजन करून त्याच्या दुप्पट बारीक साखर. एका अंड्यात ३० ते ३५ ग्रॅम पांढरा निघतो, म्हणजे साखर ६० ते ७०. गावठी अंडी लहान असतात, तिथं नगावर गेलात तर मेरिंग जड होऊन बसतं. साखर एकदम टाकू नका, चमच्याचमच्याने घाला, आणि दोन बोटांत घासून कण लागत नाही तोवर फेटा.